टिटवीचे चार कोरे महिने

मुलींच्या क्रीडा वसतिगृहात मावशीनं बावीस वर्षं धुणं केलं. आता हातांना गार पाणी सोसत नाही, म्हणून घरी बसलीय. पण तिथल्या मागच्या ओट्यावरच्या त्या सकाळी अजून नाकात आहेत. साबण, घाम, ओल्या बुटांचा वास. सोळा पोरी, सोळा गाठोडी, दर गाठोड्याला वेगळ्या रंगाचा दोरा. डागाचा कपडा पोरी अगदी आत गुंडाळून टाकायच्या. मावशी तो आधी गार पाण्यात बुडवायची. कुणाची पाळी कधी, ते पोरींपेक्षा तिलाच तोंडपाठ.

हिरव्या दोऱ्याची पोर लांब पल्ल्याचं पळणारी. काडीसारखे पाय, म्हणून नाव टिटवी. तिच्या गाठोड्यात चार महिने डाग आला नाही, तशी मावशीला भलतीच शंका आली. नळावर गाठलंच तिला.

"खरं सांग, कोण आहे तो?"

"कोण तो?"

"चार महिने झाले. मला शिकवू नकोस."

टिटवी फिस्सकन हसली. "अगं, प्रेमात पडायला अंगात दम उरतो का? सर म्हणतात, पाळी थांबली म्हणजे सराव अंगी लागला. कटकट गेली, बरंच झालं."

"तुझ्या सरांना कधी आली होती गं पाळी?"

हसताना पोरीनं नडगी दाबून धरली, ते मावशीनं पाहिलं. ताटातलं अर्धं ही दुसरीला देते, तेही ठाऊक होतं. उपाशी गाय माजावर येत नाही, एवढं ती आईच्या गोठ्यातच शिकली होती. निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. मावशीनं सरांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "तुम्ही धुण्याचं बघा." तरी मावशीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी पायाचा फोटो काढला. नडगीच्या हाडाला बारीक चीर. पळणं फार, खाणं थोडं, म्हणून पाळी बंद. आणि ती बंद म्हणून हाडं कच्ची. तीन महिने पळायचं नाही, पोटभर जेवायचं.

निवड हुकली. टिटवीनं बोलणं टाकलं. गाठोडं उंबऱ्यावर ठेवून निघून जायची. मावशी ते धुवायची. सर नोकरीवरून काढतील, यापेक्षा त्या अबोल्याचाच तिला जास्त घोर.

सहा महिन्यांनी टिटवी ओट्यावर येऊन उभी राहिली. गालांवर मांस आलेलं.

"आली," म्हणाली. "आजचे मी धुते."

"सरक. गरम पाणी घेतलंस, डाग बसेल."

तरी ती तिथंच बसून राहिली, सकाळचा सराव चुकवून.