आत्यानं फोनवर निवडलेली शेवंती

आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. दहावीपर्यंत वडील पोहोचले होते, तेही गणितात आपटून परत आले. मखमलाबादच्या पलीकडं दुसऱ्याच्या शेतात आम्ही वाट्यानं फुलं करायचो... झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सणाच्या आठवड्यात सगळं घर तोडणीला, त्यामुळं माझी सहामाही दरवर्षी अर्धी बुडायची. शेवंतीच्या चिकानं बोटं काळीहिरवी झालेली असायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "आधी हात धुऊन ये." मी धुऊनच आलेली असायचे. अशा घरातून मी शिकले, त्याचं कारण लीलाआत्या, वडिलांची थोरली बहीण. दीड महिन्यापूर्वी ती गेली. काविळीचं निमित्त झालं, तीन आठवड्यांत सगळं संपलं. धाकट्या बहिणीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा मी कामावर नर्सरीत होते. "ताई, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. 

आत्या लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी आली ती कायमचीच. का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. आमची फुलं घेऊन ती पंचवटीतल्या फुलबाजारात बसायची. अक्षरओळख नव्हती, पण कळी चिमटीत धरून सांगायची, ही उद्या उमलेल, ही परवा. बारावीनंतर मला उद्यानविद्येच्या कॉलेजात तिनंच घातलं. वडिलांना सांगितलं, "फुलांचंच शिकतीय, घरचंच काम हाय." तिसऱ्या वर्षी कॉलेजनं पाच महिन्यांच्या अभ्यासासाठी दोघांना फ्रान्सला पाठवायचं ठरवलं. खर्च कॉलेजचा. त्या दोघांत माझं नाव होतं, दुसरा मुलगा तिकडं वेगळ्या गावी जाणार होता. घरी ताटं वाढलेली, आणि वडील जेवेनात.

"एकटी पोरगी. तिकडं नाय करमलं अन् मधीच पळून आली तर?"

"नाय येणार," आत्या म्हणाली.

"आली तर पल्लवीला कॉलेजचं नाव काढू देणार नाय मी. सांगून ठेवतो अक्का, एकीचा तमाशा बास होईल."

"पोपट, ती मधी आली तर मी बाजारात बसायचं सोडीन. आता भाकर खा."

वडिलांनी भाकर खाल्ली. पण मी पिशवीत कपड्यांबरोबर काय घेऊन निघाले होते, ते मला पुरतं कळलं होतं. धाकटीचं कॉलेज माझ्या टिकण्यावर होतं.

फ्रान्समधलं ते गाव नदीकाठचं, शांत. इतकं शांत की पहिल्या आठवड्यात कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. वर्गात सर आले की मी उठून उभी राहायचे. मी एकटीच. सरांना वाटायचं मला शंका आहे, ते थांबायचे, मग मी काहीतरी शंका काढायचे. त्यामुळं माझं नाव हुशार मुलगी असं झालं, ते टिकवायला खरोखर अभ्यास करावा लागला. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला नमस्कार म्हणायचा असतो हे कळायला चार दिवस गेले. दुपारच्या सुट्टीत सगळे तास-तासभर जेवायचे, मी डबा पंधरा मिनिटांत संपवून आत्याला फोन लावायचे. आपल्याकडं तेव्हा साडेतीन वाजलेले असायचे, ती बाजारातून येऊन पाय पसरून बसलेली असायची. "काय खाल्लं?" हा पहिला प्रश्न. पाव म्हटलं की, "म्हणजे काय खाल्लंच नाय." राहायला मी ओदिलबाईंकडं होते. पंचाहत्तरीच्या, निवृत्त नर्स, गुडघ्यानं अधू. वरची खोली मला दिलेली. बोलणं मोडक्या इंग्रजीत, बाकी हातवारे.

ऑक्टोबर संपत आला तसा मला घरचा फार ध्यास लागला. दिवाळी जवळ आलेली. आणि एका शनिवारी बाजारात गेले तर काय... दुकानादुकानापुढं शेवंतीच शेवंती. पिवळी, पांढरी, तांबूस, घमेल्याएवढ्या कुंड्या. मला वाटलं, इथंही सणाची तयारी चाललीय. डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी ओदिलबाईंनी मुलासुनेबरोबर मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं, रिकाम्या हातानं कसं जायचं? मी तिथंच उभी राहून आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

"फोन खाली कर. पार खाली. उमललेली नको घेऊ, येडे, कळ्या बघ. ती मागची दाखव. मागची गं. हां, ही घे, सहा दिसांनी उमलेल. लक्ष्मीसारखी दिसतीय."

मी ती लक्ष्मी छातीशी धरून दोन मैल चालत आणली. रविवारी ओदिलबाईंच्या हातात ठेवली तेव्हा सून बोलायची थांबली. मुलानं आईकडं पाहिलं. बाईंनी माझ्या गालाला गाल लावून आभार मानले आणि कुंडी बाहेर पायरीवर ठेवली. जेवण झाल्यावर सुनेनं मला बाजूला घेऊन, अगदी हळू, सांगितलं. इथं शेवंती कबरीवर ठेवतात. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मेलेल्यांना भेटायला जायचं, त्यासाठीच हा सगळा बाजार. जिवंत माणसाच्या घरी ती कोणी नेत नाही.

वर जाऊन मी बॅग काढली. खोटं का सांगू, कपडे घड्या करून आत ठेवायलाही लागले होते. ज्या एका गोष्टीतलं आपल्याला कळतं असं मला वाटत होतं, तिच्यातच मी चुकले होते. आत्याला फोन लावून म्हणाले, "मी येते घरी." सगळं रडत सांगितलं. ती ऐकत राहिली. पल्लवीचं नाव काढलं असतं तर मी गुमान थांबले असते, पण तिनं ते काढलं नाही, वडिलांना दिलेल्या शब्दाचंही काढलं नाही.

"तिच्या घरचं कोण गेलंय?" तिनं विचारलं.

"काय?"

"त्या बाईचं. कोणीतरी गेलं असेल ना. तू इचारलं का?"

"नाही."

"मग कशाची शिकलेली तू? मी एकाच पाटीतून लग्नालाबी देते अन् मयतालाबी देते. मयतवाल्याला इचारते, कोण होतं बाबा. बरं वाटतं माणसाला. जा, खाली जाऊन इचार."

मी गेले. ओदिलबाई भांडी पुसत होत्या. विचारलं तेव्हा त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. नवरा, सात वर्षांपूर्वी गेलेला. दफनभूमी टेकडीवर, गुडघ्यामुळं कुंडी उचलून नेणं दोन वर्षांपासून जमत नव्हतं. मुलगा दूर राहायचा, त्याच्याकडं मागायला त्यांना आवडायचं नाही. म्हणाल्या, तुझी कुंडी पाहून मुलानं माझ्याकडं पाहिलं ते त्यामुळं... त्याला लाज वाटली.

एक तारखेला मी कुंडी घेऊन पुढं, त्या काठी टेकत मागं. टेकडीवर सगळीकडं शेवंती फुललेली. कबरीपाशी गेल्यावर मी सवयीनं बूट काढले. फरशी गार लागत होती. बाईंनी माझ्या पायांकडं पाहिलं. कुंडी ठेवली तेव्हा सगळ्या कळ्या उमलायला आल्या होत्या, आत्याचा अंदाज एका दिवसानंही चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी लोकरीचे मोजे होते, आणि त्यानंतर रविवारचं जेवण माझं ठरलेलंच. बॅग मी पलंगाखाली सारली. आत्याला टेकडीचा फोटो पाठवला तर म्हणाली, "एवढी शेवंती एका दिवशी कशी फुलवतात, ते शिकून ये." तेच मी शिकले. काळ्या कापडानं झाकून झाडाला रात्र मोठी दाखवायची, म्हणजे फूल आपल्या तारखेला येतं. माझा प्रकल्पही त्यावरच झाला.

जानेवारीअखेर परत आले तेव्हा वडिलांसमोर आत्यानं एकच विचारलं, "परीक्षा पुरी दिली ना?" दिली म्हणाले. "पोपट, ऐकलं का?" वडील म्हणाले, "ऐकलं." आणि उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं पेढे घेऊन आले.

तिची बाजारातली जागा आता आई चालवते. परवा मी जाऊन तासभर बसले. एक माणूस मयतासाठी फुलं न्यायला आला. आईनं फुलं बांधता बांधता विचारलं, "कोण होतं, दादा?" तो म्हणाला, आई होती. मग पाटीच्या कडेला बसून तिच्याबद्दल बराच वेळ बोलला. कोणी त्याला घाई केली नाही.

मी माझ्या घरातली पहिली पदवीधर आहे. पल्लवी यंदा नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे.