अक्कानं राखून ठेवलेला शेवट

माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या अक्कानं, आयुष्यात एकाच माणसावर सूड उगवला. तो माणूस सिनेमा काढणारा होता. त्या सुडात मी तिच्या बाजूनं होतो आणि आजही आहे.

आम्ही मूळचे हदगावकडचे. अक्काला इस्लापूरला दिली होती, पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाच्या धबधब्यापासून जवळच. तिच्या सासरी कापसाची शेती होती. वेचणीच्या दिवसांत बायका तिच्या शेजारची ओळ मिळावी म्हणून भांडायच्या, कारण अक्का वेचता वेचता गोष्टी रचून सांगायची. कुठं वाचलेल्या नव्हेत. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्याच डोक्यातल्या.

मी तेव्हा नांदेडला एका वकिलाकडं लिखापढी करायचो. निजामाचं राज्य. कचेरीचं सगळं काम उर्दूत, आणि माझी उर्दू साफ होती. म्हणून मुंबईहून आलेल्या एका डायरेक्टरसाहेबांना माझी गरज पडली. त्यांना धबधब्यावर सिनेमा घ्यायचा होता आणि त्यासाठी तहसीलीची इजाजत पाहिजे होती. मी अर्ज लिहिले, तिथल्या पेशकाराला, म्हणजे कारकुनाला, भेटलो, परवाना मिळवला. जागा बघायला त्यांना घेऊन गेलो तेव्हा जेवायला अक्काच्याच घरी नेलं.

जेवताना साहेब म्हणाले, "जागा उत्तम आहे. पण गोष्ट म्हणावी तशी सापडत नाही."

अक्का भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "ह्या पान्याची येक गोष्ट हाय. सांगू का?"

आणि तिनं सांगितली. एक राजा होता. त्याचा आवाज असा, की त्यानं हुकूम दिला की माणसं आपोआप उठायची. दुष्काळ पडला तेव्हा त्यानं आपला आवाज नदीला दिला आणि बदल्यात पाणी मागितलं. पाणी आलं, राजा मुका झाला. पण आता धबधबा राजाच्या आवाजात बोलू लागला आणि लोक धबधब्याचे हुकूम पाळू लागले. मुका राजा काठावर उभा, आणि त्याचाच आवाज त्याच्या माणसांना पाण्यात बोलावतोय.

साहेबांच्या हातातला घास हातातच राहिला. "बाई," ते म्हणाले, "बोलपट ह्याच्यासाठीच निघाले आहेत."

दुसऱ्या हिवाळ्यात ते लवाजम्यासह आले. घोडे आले, एक हत्ती आला, काठावर लाकूड, कापड आणि प्लॅस्टरचा महाल उभा राहिला. पैसा पाण्यासारखा वाहत होता. अक्का रोज शेतातून येताना बघायची आणि खूश व्हायची.

सिनेमा नांदेडच्या थेटरात लागला तेव्हा मी तिला आणि दाजींना बोलावून घेतलं. दाजी आणि मी खाली, अक्का मागं जनान्यात पडद्याआड. राजानं आवाज दिला, पाणी आलं, अंगावर काटा आला. आणि लगेच एक साधू आला, त्यानं कमंडलूतलं पाणी शिंपडलं आणि राजाचा आवाज परत आला! धबधबा एक शब्द बोलला नाही. मग उरलेला सगळा वेळ राजा एका कापडी राक्षसाशी तलवारीनं लढत राहिला. मधेमधे नाच. एक बोबडा शिपाई सारखा आपटत होता.

बाहेर आल्यावर अक्का बोलेना. दाजी म्हणाले, "हत्ती बाकी चांगला होता." मला वाटलं, कथा म्हणून साहेबांनी स्वतःचं नाव घातलं होतं, त्याचा राग आला असेल. तसं मी बोललो.

"नाव घालू नको, काय बी करू नको," ती म्हणाली. "पर लेकरू दत्तक दिलं तर त्याला नीट वाढव की. ह्यानं तर पयल्याच दिवशी नरडं दाबलं."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं दाजी नंतर म्हणायचे.

दोन वर्षांनी साहेब पुन्हा उगवले. पहिला सिनेमा हत्तीच्या जोरावर इकडं तिकडं चालला होता. आता त्यांना याहून मोठा काढायचा होता. हातात फळांची टोपली, तोंडात साखर. "ताई, तुमच्या पायगुणानं सगळं झालं. आणखी एखादी असेल ना?"

अक्कानं त्यांना बसायला घोंगडी दिली, चहा दिला. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो.

"अक्का, काय करून राहिलीस? ह्याला पुन्हा गोष्ट देणार?"

"देते की," ती म्हणाली. "पर बिनमुंडक्याची."

बाहेर येऊन तिनं सुरू केलं. एक चोर होता. सोनं-नाणं चोरायचा नाही, माणसाची झोप चोरायचा. एकदा त्यानं राजाची झोप चोरली. राजाला डोळा लागेना. त्यानं दवंडी पिटवली, मी झोपेपर्यंत राज्यात कुणी झोपायचं नाही. लेकरांना झोप लागली तरी शिपाई हलवून उठवायचे. इकडं चोर राजाची झोप झोपायला लागला आणि त्याला राजाची स्वप्नं पडायला लागली. राजानं कुणाकुणाला मारलं, कुठं पुरलं, सगळं त्याला दिसायला लागलं. शेवटी चोर पकडला गेला. जागरणानं डोळे तांबारलेलं सगळं गाव चौकात जमलं. राजा म्हणाला, माझी झोप दे. चोर म्हणाला, देतो महाराज, पर झोपेसंगं सपनंबी येतील.

आणि अक्का थांबली.

"मग?" साहेब पुढं सरकले.

"मग लई मोठं हाय. तुमी कामाला लागा. तितवर काम येऊ द्या, तवा सांगते."

साहेबांनी विश्वास ठेवला. मुंबईला जाऊन त्यांनी कुणाकुणाचं भांडवल गोळा केलं आणि पहिल्यापेक्षा दुप्पट लवाजमा आणला. महाल, चौक, वेस, सगळं नवं उभारलं. चौकात जमायला आसपासच्या गावातली माणसं बोलावली. चोर पकडला जाईपर्यंतचं सगळं चित्रण झालं. मग ते अक्काच्या दारात आले.

"सांगा, ताई."

अक्का सरकी वेगळी करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "याद न्हाई."

साहेब हसले. मग त्यांना कळलं, की ती हसत नाहीये. त्यांनी विनवलं, दाजींना मधे घातलं, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तिकडं घोडे उभे आहेत, माणसं उभी आहेत! बहिणीला समजवा."

मी म्हणालो, "साहेब, मी फक्त अर्ज लिहितो."

हे म्हणताना मला जो आनंद झाला तो पुढं आमच्या वकीलसाहेबांनी कोर्टातला कुठलाही दावा जिंकल्यावर झाला नाही.

अक्का एवढंच बोलली. "माझ्या पयल्या राजाचा आवाज तुमी कुठं घातला, ते आदी सांगा."

साहेब लाल झाले. "शेवट काय, आम्हालाही सुचतो!" म्हणून तरातरा गेले.

तो सिनेमा नांदेडला लागला त्या दिवशी साहेब जातीनं आले होते. थेटराला तोरणं, दाराशी सनई. आत पाय ठेवायला जागा नव्हती. अक्का जनान्यात. लोक खरोखर रंगले होते. शिपाई लेकरांना उठवतात तिथं बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. मग चौक आला. चोर म्हणाला, झोपेबरोबर स्वप्नंही येतील. सगळं थेटर चिडीचूप.

राजानं चोराच्या दंडाकडं पाहिलं. दंडावर चंद्रकोरीची खूण! हा तर लहानपणी हरवलेला धाकटा भाऊ! दोघांनी मिठी मारली, कुठूनसा एक दुष्ट प्रधान निघाला, त्याच्याशी तलवारबाजी झाली, आणि चोराचं लग्न लागलं.

चंद्रकोर दिसली तेव्हाच पडद्याआडून अक्काचं हसू ऐकू आलं. मोकळं, पोटातून. मग सगळा जनाना हसला, मग खालचे लोक. लग्नाच्या गाण्याचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही.

साहेब दाराशी हार घालून उभे होते. लोक त्यांच्याकडं न बघता चालले होते. अक्का पदर सावरत सरळ त्यांच्यासमोर गेली.

"सायब, आता याद आलं. सांगू?"

जाणारे थांबले.

"राजानं झोप घेतली," अक्का म्हणाली. "चौकातच आडवा झाला. आन् झोपेत बडबडाया लागला. कुनाला मारलं, कुठं पुरलं, समदं. आन् गाव तर जागंच व्हतं. त्याच्याच हुकमानं."

कुणी हललं नाही. बंदोबस्ताचा पोलीस तेवढा घसा खाकरून दुसरीकडं बघू लागला.

साहेबांचा चेहरा मी नीट पाहिला. त्यांना गोष्ट कळत नव्हती असं नाही. पहिल्यांदा ज्याच्या हातात घास राहिला होता तो माणूस खोटा नव्हता. आता त्यांना सगळा चौक दिसत होता, झोपलेला राजा, ऐकणारी माणसं. पुसट आवाजात त्यांनी विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा सांगितलं असतं तर तुमी त्याचंबी लगीन लावलं असतं."

लोक पुन्हा हसले. सिनेमा आठवडाभरही टिकला नाही. साहेब आमच्या मुलखात परत दिसले नाहीत. काठावरचा महाल पुढच्या पुरात पैनगंगेनं नेला. पण अक्काचा शेवट नांदेडच्या बाजारात, भोकरच्या गाडीत, पार हदगावच्या चावडीपर्यंत पोचला, आणि लोक तो आवाज खाली करून एकमेकांना सांगायचे.

बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं, "अक्का, त्या माणसाची कधी कीव नाही आली?"

ती तांदूळ निवडत होती. एक खडा तिनं बाजूला टाकला.

"हत्तीची आली," ती म्हणाली. "बिचारा येवढ्या लांबून आला व्हता."