'नाही'खालची तांबडी रेघ

बिरादार सर गेल्याचा फोन इस्लापूरहून आला तेव्हा मी आमच्या नांदेडच्या कॉलेजात सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. त्यांच्या पुतण्याने सगळे दोन वाक्यांत सांगितले. सरांना ती वाक्ये आवडली असती.

सर मूळचे देवणीचे. आमच्या कॉलेजात शिकवायचे मराठी, तेही बारावी सायन्सला. म्हणजे पंगतीत कोशिंबीर वाढण्याचे काम. मी फिजिक्सचा. माझ्या वर्गात मुले दाटीवाटीने बसत, त्यांच्या वर्गात बाकेच जास्त. एकदा प्रवेश परीक्षा मराठीतून देणारी माझी हुशार पोरे सराव पेपरात सोप्या प्रश्नांवर आपटली. मी स्टाफरूममध्ये चिडून बसलो होतो. सरांनी पेपर ओढून एका शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?'

"फिजिक्स पक्कं हाय हो त्यांचं. ते 'नाही'च वाचत नाहीत."

"मग करू काय?"

"माझ्या तासाला पाठवा की. पोरांचं भलं होईल, अन् पट टिकला तर मी बी नांदेडात राहीन."

पाठवले नाही. रेघ मात्र उचलली. परीक्षेआधी प्रत्येक 'नाही' अधोरेखित करायला सांगू लागलो. निकाल सुधारला, गेटवरच्या बॅनरवर माझा फोटो लागला. मराठीऐवजी आयटी घ्या, मार्क जास्त पडतात, हे वर्गात सांगणाराही मीच... दोन वर्षांत पट घसरला आणि सर अतिरिक्त ठरले. आईला देवणीहून आणून नुकतेच मांडलेले घर आवरून ते इस्लापूरला रुजू झाले. जाताना पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "असू द्या सर. तुमच्याच कामाची हाय." टोमणा होता का, ते मी विचारले नाही.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. त्यांचा एकही तास न ऐकलेल्यांनी त्यांना 'भाषाप्रभू' म्हटले. ठरावाचा कागद सहीसाठी माझ्यासमोर आला. शेवटचे वाक्य होते, 'सरांना विसरणे आम्हाला शक्य नाही.' हातात तीच पेन्सिल होती. सवयीने शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली गेली.

क्लार्क वाकून पाहू लागला. "सर, चुकलं का काही?"

"नाही," म्हणालो, आणि सहीसाठी त्याच्याकडे पेन मागितले.