रुळावरचा हात

गिरणीची मालगाडी जायची, त्या रुळांच्या जागी आता फिरायला गुळगुळीत रस्ता झालाय. परवा फरशांच्या कडेला रुळाचा गंजका तुकडा दिसला आणि मी थबकले.

सत्तरच्या दशकात माझं नवीन लग्न झालेलं. भवानी पेठेतल्या माणसांनी भरलेल्या घरात नवऱ्याशी बोलायचीही चोरी. एका संध्याकाळी आम्ही रुळांवरून निघालो. एका रुळावर हे, दुसऱ्यावर मी. चपला हातात, तळव्यांखाली अजून कोमट असलेलं लोखंड.

"अवो, हात द्या की, पडते मी."

"लोकं बघत्यात," म्हणत यांनी हात दिला. त्याला गिरणीतल्या कोऱ्या सुताचा वास होता.

मी पडणार नव्हते. यांनाही ते कळलं होतं.

आता हे नाहीत. आणि रस्ता असा सपाट केलाय, की हे असते तरी हात मागायला निमित्त सापडलं नसतं.