रस्त्यापलीकडची अंगणवाडी

वाटेवरच्या गावातून चौपदरी रस्ता गेला आणि माझा ऑफिसला जायचा वेळ निम्मा झाला. वस्ती रस्त्याच्या अलीकडे राहिली, अंगणवाडी पलीकडे. आज सकाळी एक बाई तीन-चार लेकरांना आपला पदर धरायला लावून दुभाजकापाशी उभी दिसली. मी गाडी थांबवली. मागून हॉर्न वाजू लागले, तशी धाकटी पोर घाबरून रस्त्यातच बसली. बाईनं तिला कडेवर घेतलं, सगळ्यांना पलीकडे नेलं आणि वळून म्हणाली, "बरं झालं थांबलात दादा. रोज कुणीच थांबत नाही."

हा रस्ता आखणाऱ्यांना ही पोरं दिसलीच नसतील का, असं मनात आलं. पण मीही रोज याच वेळी इथूनच जातो, हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.