ऐकून घेण्याचं कलम

"ऐकून घ्यायलाच हवं, असं कोणत्या नियमात आहे?" सरकारी वकिलांनी विचारलं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे मी प्रथमच सिनिअरशिवाय उभी होते, आणि प्रश्न अडचणीचा होता. तसा नियम खरोखरच नव्हता.

माझ्या अशील सुनंदाताई पाचोडजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडीसेविका होत्या. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नोकरी करणाऱ्या त्या पहिल्याच. प्रकल्प अधिकारी अचानक तपासणीला आले, अंगणवाडीला कुलूप दिसलं आणि त्यांनी ताईंना 'अनधिकृत गैरहजेरी'साठी सेवेतून काढून टाकलं. ताई त्या वेळी याच अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, सक्तीच्या प्रशिक्षणात बसल्या होत्या. उद्घाटनाचं भाषण करून साहेब तिथूनच तपासणीला निघाले होते. एक प्रश्न विचारला असता, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

वकिलीत येण्यापूर्वी मी भौतिकशास्त्र शिकले. तिथं काही गृहीतकं कुणी सिद्ध करत बसत नाही. पण ती काढली, तर एकही समीकरण उभं राहत नाही. राज्यघटनेचंही तसंच आहे. 'नैसर्गिक न्याय' हे शब्द तिच्यात सापडणार नाहीत. मात्र कलम चौदा समानतेची हमी देतं. न विचारता शिक्षा करणं ही मनमानी, आणि मनमानी समानतेत बसत नाही. हा अर्थ न्यायालयांनी त्या कलमात वाचला आहे. मी एवढंच मांडलं.

"ठीक. आदेश रद्द करतो," न्यायमूर्ती म्हणाले.

सरकारी वकील ताडकन उठले. "माय लॉर्ड, माझं म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय?"

"कोणत्या नियमाखाली ऐकू, वकीलसाहेब?"

मागच्या बाकांवर एकदम खोकल्याची साथ आली. मग त्यांचं सारं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं गेलं आणि आदेश रद्द झाला. ताईंना ऐकून नव्याने निर्णय घ्या, असं अधिकाऱ्यांना फर्मावण्यात आलं.

सुनावणीला मी ताईंसोबत गेले.

"अहो बाई, ट्रेनिंगला होते हे आधी सांगायचं ना!" साहेब वैतागले.

"सायेब, इचारलं कवा तुम्ही? आन्‌ तुमच्यासमोरच बसले होते की. तुमचं भाषण लई आवडलं व्हतं."

"कोणतं भाषण?"

"लेकराला रागवायच्या आधी त्याचं ऐकून घ्यावं, ते."

साहेबांनी फाईल ओढून रुजू करून घेण्याच्या आदेशावर सही केली. ताई त्याच आठवड्यात कामावर रुजू झाल्या.

साहेबांनी मात्र धडा घेतला. त्यांनी परिपत्रक काढलं: यापुढे कारवाईपूर्वी लेखी नोटीस द्यावी. पुढच्याच महिन्यात करमाडकडची एक सेविका ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली. नोटीस दुपारी हाती पडली होती. खुलासा त्याच सायंकाळपर्यंत मागितला होता. परिपत्रकाचं तंतोतंत पालन झालं होतं.

लिखित नियमातली फट शोधायला कार्यालयाला एक महिना पुरतो. अलिखित तत्त्वात ती अजून कुणाला सापडलेली नाही. घटनाकारांनी सगळंच लिहून ठेवलं नाही, ते बरं केलं.