कुंकू लावलेल्या बाटल्या

देव आपलं ऐकतो की नाही, याची त्या दुपारी मला खात्रीच उरली नव्हती. आमची कुसुम तापाने फणफणली होती, छाती भरून आली होती. कंपाउंडरने आदल्या दिवशी दोन काळपट बाटल्या दिल्या होत्या, एक पोटात घ्यायची, एक छातीला चोळायची. "चोळायची चुकून पोटात गेली, तर पोर हाती लागायची नाही बाई," असं त्याने बजावलं होतं. बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण मला अक्षर ओळखीचं नव्हतं. म्हणून चोळायच्या बाटलीला मी कुंकवाचं बोट लावून ठेवलं. केवढी हुशार समजले मी स्वतःला!

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. थोरल्या जाऊबाईंनी विळी, अडकित्ता, ह्यांची दौत-लेखणी, सगळं पाटावर मांडून पुजलं आणि कोनाड्यातल्या बाटल्याही सोडल्या नाहीत. दोन्हींवर ठसठशीत हळदकुंकू! "अगं, पोरीला बरं करणार त्या. त्यांना नको होय पुजायला?" आता चोळायची कुठली हे ओळखायचं कसं, कपाळ! दोन्हींना कापराचाच उग्र वास. कंपाउंडरचा दवाखाना सणाचा बंद, हे माळशिरसला गेलेले. शेजारच्या तेलुगू विणकरांतही कुणाला वाचता येत नव्हतं. आणि कुसुमचा श्वास घुरघुरत होता.

मी उंबऱ्याशी बसले. पूजेसाठी माग बंद होते, सारी भवानी पेठ पाण्याखाली गेल्यासारखी शांत. डोळे मिटून म्हटलं, "सिद्धेश्वरा, मला काही कळत नाही रे. आता तूच बघ."

डोळे उघडले तर समोर एक अनोळखी बाई. विधवेचं तांबडं आलवण नेसलेली, पावलं ओली, जणू सिद्धेश्वराच्या तळ्यावरूनच आलेली. "लई ऊन गं आज. घोटभर पाणी देतेस का?" मी डोळे पुसत तांब्या दिला. "काय झालं, बाळ?" तिने विचारलं आणि मी रडतच बाटल्या पुढे केल्या. तिने त्या उजेडात धरल्या, चिठ्ठ्या सावकाश वाचल्या. "ही छातीला. ही पोटात. जा, दे तिला."

औषध पाजून धावत बाहेर आले, तर बोळ रिकामा. फरशीवर ओली पावलं तेवढी वाळत होती. दिवेलागणीला कुसुमला घाम फुटला, तिने डोळे उघडून भात मागितला. मी देवापुढे ढसाढसा रडले.

ती कोण, हे मी शोधत बसले नाही. माझं शहाणपण संपलं तिथे मी हात पसरले आणि ते रिकामे राहिले नाहीत, एवढंच मला कळतं. पुढे ह्यांच्या मागे लागून मी पाटीवर अक्षरं गिरवली. आता एखादी बाई कागद नाहीतर बाटली घेऊन दाराशी आली, की पिठाचे हात धुऊन उठते. तिला आधी पाणी देते. मग उजेडात धरून सावकाश वाचते.